नॉर्मल

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. "मावशी, ब्लॉगला कुलूप लावलंस का?" असे भाचेमंडळींचे दोन-तीन फोन येऊन गेले. कुलूप वगैरे काही नाही, घरातच गडबड होती. आमच्या ह्यांच्या पायांचं दुखणं गेली पाच वर्षं चालू आहे हे नात्यातल्या बहुतेकांना माहीत आहेच. मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा एकदा मुंबईला जाऊन ती सुयांची तपासणी करून आलो. रिपोर्ट आला, नॉर्मल. घरी आल्याआल्या मी देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. रिपोर्टचं ऐकून म्हणाल्या, "अगं, सगळं नॉर्मल आहे तर मग भाऊजींना चालता का येत नाही?"

त्यांचा प्रश्न अगदी साधा होता, पण मी क्षणभर गप्पच झाले. कारण जवळजवळ तीस वर्षांपूर्वी असाच नॉर्मल रिपोर्ट माझ्या हातात होता, आणि हाच प्रश्न एका माणसाने मला विचारला होता. त्याला मी जे उत्तर दिलं ते चूक होतं. ते चूक कसं होतं हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं, आणि थोडा इतिहासही वाचावा लागला. इतिहास हा तसा माझा विषय, शाळेत तोच शिकवला. पण हा इतिहास कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हता. म्हणून तो इथे लिहून ठेवते आहे.

तो माणूस म्हणजे आमच्या शाळेतले शिपाईमामा. मी बदलापूरला शाळेत लागले ती १९७४ साली, आणि मामा आले त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. मूळ गाव गोंदियाकडचं. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, भंडाऱ्यातच होता. नातलग कोणीतरी अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होता, त्याच्या आधाराने ते इकडे आले. कमरेला शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा, डोक्यावर टोपी, आणि चाल मात्र विचित्र. टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत. चवड्यांवर चालायचे, गुडघे एकमेकांवर घासायचे आणि एक पाय दुसऱ्याच्या पुढे कात्रीसारखा यायचा. हात मात्र तरबेज. फळा पुसण्यापासून घंटेच्या टोल्यापर्यंत सगळं झटपट.

मुलं त्यांना मागून "पोलिओमामा" म्हणायची. त्या काळी जवळजवळ प्रत्येक वर्गात पोलिओ झालेलं एखादं मूल असायचं, त्यामुळे पाय अधू म्हणजे पोलिओ, एवढंच आम्हाला ठाऊक. (भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला. आजच्या मुलांना हे सांगूनही खरं वाटत नाही.) पण नीट पाहिलं असतं तर फरक तेव्हाच दिसला असता. पोलिओ झालेल्या मुलाचा पाय बारीक, काडीसारखा आणि लुळा असतो. मामांच्या पोटऱ्या चांगल्या भरलेल्या आणि दगडासारख्या टणक होत्या. आपल्या भाषेत लुळा, लंगडा, पांगळा असे शब्द आहेत. पाय कमजोर आहे आणि तरीही ताठ आहे, ह्याला मात्र माझ्याकडे शब्द नव्हता. ताठ म्हटलं की आपल्याला माणसाचा स्वभावच आठवतो.

अपंगांसाठीचा कायदा १९९५ साली झाला आणि १९९६ च्या फेब्रुवारीत लागू झाला. मामांना कोणीतरी सांगितलं की सर्टिफिकेट काढा, म्हणजे जिने चढण्याचं काम तरी सुटेल. त्यासाठी ते मुंबईला दोन-चार खेपा घालून आले. कुठे, ते सांगण्यात अर्थ नाही. एका खेपेला त्यांची नसांची तपासणी झाली आणि दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट हातात आला. तो घेऊन ते हेडमास्तरांकडे गेले आणि हेडमास्तरांनी तो माझ्याकडे पाठवला, कारण "बाईंचं इंग्रजी बरं आहे". मी बीए मराठी माध्यमातून केलेलं. माझं इंग्रजी म्हणजे डिक्शनरी शेजारी ठेवून वाचण्यापुरतं. खूप आकडे होते, त्यातलं काही कळलं नाही. शेवटची ओळ मात्र कळली : 'विदिन नॉर्मल लिमिट्स'.

मी म्हटलं, "मामा, नसा ठणठणीत आहेत तुमच्या. काही दोष नाही."

ते बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग पाय आयकत काऊन नाही जी, बाई?"

आणि मी, शहाणी, म्हणाले, "सवय झाली असेल. थोडा प्रयत्न करून बघा." त्यांनी रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली आणि पुढचा अर्ज केलाच नाही. मला मनातून वाटलं, माणूस चांगला आहे पण थोडं ढोंग करत असेल. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं आहे.

आता मधली वर्षं सोडून एकदम आमच्या ह्यांच्याकडे येते. २०२० च्या सुमाराला ह्यांच्या उजव्या पायातली चप्पल नकळत निसटायला लागली. मग स्टेशनच्या पुलावर जिना उतरताना गुडघा वाकेना. आम्ही आधी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेलो, मग कमरेच्या, मग मानेचा एमआरआय. दोन वर्षांत दुसरा पाय आणि मग हातही जड झाले, बोलणं संथ झालं. शेवटी एका तरुण न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरीणबाईंकडे पोचलो. त्यांनी ह्यांना झोपवलं आणि पर्समधून चक्क घराची किल्ली काढून तळपायाच्या बाहेरच्या कडेवरून टाचेपासून वर फिरवली. पायाचा अंगठा वर उचलला गेला. मोठ्या माणसात तो खाली वळायला हवा. त्या म्हणाल्या, "दुखणं पायात नाही, वर आहे. पण आपण खालचंही तपासून घेऊ."

वर आणि खाली म्हणजे काय, हे त्यांनी आकृती काढून दाखवलं. मी ते माझ्या, म्हणजे शाळेच्या, भाषेत समजून घेतलं ते असं. स्नायूपर्यंत हुकूम पोचतो तो दोन टप्प्यांत. मेंदूच्या पृष्ठभागातली एक चेतापेशी आपला लांब तंतू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पाठवते. ही 'अप्पर मोटर न्यूरॉन', आपले हेडमास्तर समजा. मज्जारज्जूतली दुसरी पेशी तो निरोप घेऊन थेट स्नायूत जाते. ही 'लोअर मोटर न्यूरॉन', म्हणजे वर्ग. पोलिओत वर्गच रिकामा होतो, म्हणून पाय लुळा आणि बारीक. वरच्या पेशी बिघडल्या की वर्ग भरलेला असतो, पण हुकूम येत नाही. आणि हेडमास्तर नसले की वर्ग शांत बसत नाही, दंगा करतो, हे कोणत्याही शिक्षकाला सांगायला नको. पायांचा ताठरपणा, गुडघ्यावर हातोडी मारली की पायाने उडी मारणं, हा तो दंगा. हुकूम नाही आणि आवरही नाही. पाय कमजोर असून ताठ असतो तो ह्यामुळे.

आता ती तपासणी. आधी नसांवर बारीक विजेचे झटके देतात आणि निरोप किती वेगाने जातो ते मोजतात. हाताच्या निरोगी नसेत तो सेकंदाला ५०-६० मीटर जातो. मग स्नायूत बारीक सुई घालून त्यातली वीज पडद्यावर बघतात आणि स्पीकरवर ऐकतात. सैल सोडलेला निरोगी स्नायू गप्प असतो. खालची पेशी मरत असेल तर त्याच स्नायूतून टपटप आवाज येतो. डॉक्टर लोक त्याला पत्र्यावर पडणारा पाऊस म्हणतात. बदलापूरच्या माणसाला हा आवाज वेगळा सांगायला नको! ह्यांच्या स्नायूत सुई घातली तेव्हा मी कान टवकारून बसले होते. पाऊस आला नाही.

म्हणजे ही तपासणी वर्गाची हजेरी घेते. हजेरी पूर्ण भरली तर 'नॉर्मल' लिहिते. हेडमास्तर खोलीत आहेत की नाहीत हे ती सांगत नाही, कारण ती त्या खोलीत गेलेलीच नसते. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट मात्र दाखवली. त्या म्हणाल्या, "काका, आता पाय पूर्ण जोर लावून वर ओढा." स्पीकरवर थोडेच ठोके आले आणि तेही संथ. वर्गात मुलं कमी असतील तर उरलेली घाईघाईने ओरडून भरपाई करतात, म्हणजे ठोके थोडे पण जलद येतात. मुलं पूर्ण असून हुकूम कमी पोचत असेल तर थोडीच उठतात, तीही सावकाश. म्हणजे ऐकणारा असेल तर सुईलाही अंदाज लागतो. पण तो अंदाजच, पुरावा नव्हे.

घरी येताना गाडीत मला मामांचे ते टणक पाय आठवले. आणि तिथून माझं वाचन सुरू झालं.

हा आजार ओळखण्याच्या इतिहासाची सुरुवातच मुळी गैरसमजातून झाली आहे. पॅरिसमध्ये साल्पेत्रिएर नावाचं प्रचंड रुग्णालय होतं आणि तिथे शार्को नावाचे प्रसिद्ध डॉक्टर होते. १८६५ साली त्यांनी एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. तिचे हातपाय कायमचे आखडलेले होते, आणि हा उन्मादाचा, हिस्टेरियाचा प्रकार आहे असं धरलं गेलं होतं. ती वारल्यावर तिचा मज्जारज्जू तपासला तेव्हा दोन्ही बाजूंचे, मेंदूकडून येणारे तंतू ज्यातून जातात ते पट्टे झिजून कडक झालेले सापडले. त्या बाईचं आखडणं खरं आहे हे सिद्ध झालं, पण ती मेल्यानंतर. पुढे १८७४ पर्यंत शार्कोंनी दोन्ही टप्प्यांतल्या पेशी मरतात त्या आजाराचं चित्र पूर्ण केलं आणि त्याला नाव दिलं. तोच एएलएस, स्टीफन हॉकिंग यांचा आजार. फक्त वरच्याच पेशी जातात तो त्याचा दुर्मीळ भाऊ, प्रायमरी लॅटरल स्क्लेरोसिस.

शार्कोंचे शिष्य बाबिन्स्की यांनी १८९६ साली ती तळपायाची खूण सांगितली. अंगठा वर गेला तर बिघाड वरच्या टप्प्यात आहे, आणि कोणालाही तो ठरवून तसा हुबेहूब करता येत नाही. म्हणजे ढोंग आणि आजार वेगळे काढण्याचं हे साधन, आणि त्याला खर्च शून्य. मामांच्या तळपायावर कोणी किल्ली फिरवली होती का, मला माहीत नाही. त्यांच्या कमरेला तर अख्खा जुडगा होता.

यंत्रं आली ती मात्र खालच्या टप्प्याची. स्नायूतली वीज टिपणारी बारीक सुई १९२९ साली इंग्लंडमध्ये एड्रियन आणि ब्राँक यांनी बनवली. नसांचा वेग मोजण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर, जखमी सैनिकांच्या नसा तपासता तपासता, रुग्णालयात स्थिरावली. ह्यात नवल नाही. खालच्या नसा कातडीच्या जवळ असतात, तिथे तार पोचते. वरचा टप्पा कवटीच्या आत आणि कण्याच्या आत. तिथे पोचायचं कसं?

ह्याच्या मधला एक मुंबईचा प्रसंग सांगते, कारण तो माझ्या आठवणीतला आहे. १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली होती. घरोघरी लाल डोळे. बहुतेकांचे आठवड्यात बरे झाले. पण काही जणांचे पाय त्यानंतर काही दिवसांनी अचानक लुळे पडले. जे. जे. रुग्णालयाचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन आजार जोडून दाखवले, आणि १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. हे वाडिया म्हणजे आपल्याकडे न्यूरॉलॉजीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, २०१२ चे पद्मभूषण. हा खालच्या टप्प्याचा पांगळेपणा होता, लुळा, पोलिओसारखा, यंत्राला दिसणारा. मामांचा त्याच्या बरोबर उलट.

मग मामांना झालं तरी काय होतं? ह्याचं उत्तर त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. डबा खाताना बोलता बोलता म्हणाले होते, "लहानपणी धान संपलं का आमी महिना महिना लाखोरीच खाऊ जी. तिची डाळ, तिच्याच पिठाची भाकर." आणि गावात त्यांच्यासारखे चालणारे आणखी चार-पाच जण आहेत असंही सांगितलं होतं.

लाखोरी म्हणजे लाखोळी, उत्तरेत खेसारी किंवा तेवडा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या भाताच्या पट्ट्यात धान कापायच्या आधीच उभ्या पिकात लाखोळी फेकून पेरतात. उरलेल्या ओलाव्यावर ती येते. नांगरट नको, पाणी नको, पाऊस दगा देवो की पूर येवो, ती तगते. गरिबाचं पीक. इतर धान्याबरोबर थोडी खाल्ली तर सहसा बाधत नाही. पण दुसरं काहीच नसताना महिनोन्महिने तीच खाल्ली की काही जणांचे पाय कायमचे आखडतात, त्यातही तरुण पुरुषांचे जास्त. ह्याला लॅथिरिझम म्हणतात.

इतिहासाच्या बाईला इथे एक ओळखीची जागा भेटली. सागर! गोविंदपंत बुंदेल्यांचं सागर, पेशवाईचा उत्तरेतला बालेकिल्ला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेलेलं. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते स्लीमन तिथे अधिकारी होते. त्यांनी १८४४ साली छापलेल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की १८२९ पासून सागर भागात गव्हाची पिकं लागोपाठ बुडाली, शेतात ही तेवडा डाळ तेवढी माजली, लोक तिच्यावरच जगले आणि १८३३ च्या सुमाराला गावोगावच्या तरण्या पोरांचे पाय कमरेखाली गेले. ह्या आजाराच्या जुन्या नोंदींतली ही एक महत्त्वाची नोंद.

डाळीत विष नेमकं कोणतं, ते १९६४ साली आपल्याच देशातल्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. त्यात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले राव, अडिगा आणि शर्मा होते. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप देतात, त्यातल्या एकाची ते नक्कल करतं आणि पेशींना अति चेतवतं. बळी जातात ते मुख्यतः वरच्या टप्प्यातले, पायांकडे जाणारे लांब तंतू. हात बहुधा वाचतात. मामांचे घंटा वाजवणारे हात! १९६१ साली केंद्र सरकारने ह्या डाळीच्या विक्रीवर बंदीचा नियम केला. काही राज्यांनी तो पाळला, काहींनी नाही. विदर्भात बंदीविरुद्ध मोठं आंदोलनही झालं, नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. पुढे कमी विषाच्या जाती निघाल्या. त्या वादात मी शिरत नाही, माझा तेवढा अभ्यास नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. लॅथिरिझम हा वरच्या टप्प्याचाच आजार. म्हणजे हजेरी घेणारी ती तपासणी बहुतेक वेळा 'नॉर्मल'च सांगणार. मामांचा रिपोर्ट चुकीचा नव्हताच. चुकीचा होता तो त्याचा अर्थ, आणि तो अर्थ मी लावला होता.

आता शेवटचा धागा. हेडमास्तरांची खोली उघडली कोणी?

१८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला विजेचा स्पर्श केला आणि पलीकडच्या बाजूचा पाय हलला. पण माणसाची कवटी उघडून तर बघता येत नाही. ह्यानंतर तब्बल ११० वर्षांनी, १९८० मध्ये, इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटी न उघडता बाहेरून जोराचा झटका देऊन हात हलवून दाखवला. पद्धत चालली, पण फार दुखायचं. मग १९८५ साली शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेऐवजी चुंबक वापरलं. डोक्यावर तारेचं वेटोळं धरायचं, त्यातून क्षणार्धात मोठा प्रवाह सोडायचा. बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते हे फॅरेडे यांनी १८३१ मध्येच दाखवलं होतं, आपण ते शाळेत शिकतो. ती वीज कवटी पार करून थेट मेंदूत तयार होते, आणि फारसं न दुखता बोट किंवा पाय हलतो.

शाळेच्या भाषेत, हेडमास्तरांच्या खोलीत घंटा वाजवायची आणि वर्ग किती वेळाने उभा राहतो ते घड्याळावर बघायचं. मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतचा वेळ निरोगी माणसात हाताच्या बाबतीत साधारण ६ ते ८ मिलिसेकंद, पायाच्या बाबतीत १५ च्या आसपास. वरचे तंतू झिजले असतील तर वेळ वाढतो, नाहीतर वर्ग उभाच राहत नाही.

लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉ. यू. के. मिश्रा आणि सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या उन्नाव भागातले खेसारी खाऊन पाय गेलेले रुग्ण तपासले. खालच्या नसांचा वेग मोजला आणि डोक्यापासून पायापर्यंतचा निरोपही मोजला. खालच्या नसा बहुतांशी ठीक होत्या, पायांकडचा वरचा निरोप मात्र अनेकांत उशिरा पोचत होता. हा अभ्यास १९९४ साली छापून आला.

१९९४! म्हणजे मी मामांना "सवय झाली असेल" असं सांगितलं त्याच्या दोन वर्षं आधी, त्यांच्यासारख्याच शेतमजुरांच्या पायांची खरी कहाणी लखनौत मोजून झाली होती. ती माझ्यापर्यंत पोचली नाही ह्याचा दोष मी स्वतःला देत नाही. बदलापूरच्या शाळामास्तरणीला ते कुठून कळणार? पण माहीत नसलं की "मला माहीत नाही" म्हणावं, एवढं तर मी मुलांना रोज शिकवत होते.

आणि गंमत बघा, डोक्यावरची ती चुंबकाची तपासणी आजही सगळीकडे होत नाही. एएलएस ठरवण्याचे जगभरचे निकष २००८ मध्ये जपानमधल्या अवाजी बेटाच्या नावाने सुधारले, २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टच्या नावाने पुन्हा सुधारले. त्यात खालच्या टप्प्यासाठी सुईचा पुरावा मान्य आहे, पण वरच्या टप्प्यासाठी अजूनही मुख्य भिस्त आहे डॉक्टरांच्या डोळ्यांवर, हातोडीवर आणि बाबिन्स्कींच्या त्या किल्लीवर. मला ह्यात थोडं समाधानही वाटतं. रुग्णाला हात लावून बघणारा माणूस अजून लागतो.

आता जाऊबाईंचं उत्तर. आमच्या ह्यांना प्रायमरी लॅटरल स्क्लेरोसिस आहे. ह्या आजाराचं निदान एका दिवसात होत नाही, वाट बघून होतं. सुरुवातीला तो एएलएसपासून वेगळा काढता येत नाही, कारण खालच्या पेशी मागाहूनही मरायला लागू शकतात. म्हणून ठरावीक काळाने सुईने हजेरी घ्यायची. २०२० च्या निकषांनुसार पहिली लक्षणं दिसल्यापासून दोन ते चार वर्षं वर्ग भरलेला राहिला तर निदान 'संभाव्य', चार वर्षं उलटली तर 'निश्चित'. आमची आता पाच झाली. हा आजार बरा होत नाही. ताठरपणा कमी करायची गोळी आहे, व्यायाम आहे, काठी आहे, आणि आता कदाचित वॉकर येईल. पण तो सावकाश चालतो आणि सहसा श्वासावर जात नाही. तेव्हा जाऊबाई, 'नॉर्मल'चा अर्थ भाऊजींना काही झालेलं नाही असा नाही. त्याचा अर्थ एवढाच की जे झालं आहे ते अजून खाली उतरलेलं नाही. देवापुढची साखर त्यासाठी होती.

ज्या शब्दाने मामांचा अर्ज थांबला, त्याच शब्दाची आम्ही दर वर्षी जीव मुठीत धरून वाट बघतो. शब्द तोच, तपासणी तीच. फरक इतकाच की आम्हाला त्याचा अर्थ समजावून सांगणारं कोणी भेटलं. मामांना मी भेटले.

मामा २००१ साली निवृत्त होऊन गावी गेले. जायच्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला, मला वाकून नमस्कार केला, वाकताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. चार-पाच वर्षांनी ते गेल्याचं कळलं. २०१६ च्या नव्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, आणि त्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजारही आले. त्यांच्या दृष्टीने ते फार उशिरा.

मुलांच्या वहीत चूक राहिली तर मी लाल शाईने दुरुस्त करून खाली सही करायचे. तसंच आज माझं १९९६ चं भाषांतर दुरुस्त करते. त्या रिपोर्टचं मराठी असं व्हायला हवं होतं : "मामा, पायातल्या नसा तपासल्या, त्या चांगल्या आहेत. डोक्यापासून पाठीपर्यंतची वाट ह्यांनी तपासलेली नाही. पाय ऐकत नाहीत ह्याचं कारण तिथे असू शकतं. आपण पुन्हा जाऊ या, मी येते बरोबर."

असो. नात्यातल्या आणि ब्लॉगवरच्या सगळ्यांना एवढंच सांगणं आहे, की घरात कोणाचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्रास मात्र तसाच असला, तर त्या माणसाकडे संशयाने बघू नका. डॉक्टरांना विचारा, "ह्या तपासणीत नेमकं काय तपासलं, आणि काय तपासलं नाही?" आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, हा प्रश्न त्यांना फार आवडतो, फक्त फारसं कोणी विचारत नाही.

पुढची तपासणी पावसाळ्यानंतर आहे. रिपोर्ट आला की कळवीन.